आमच्या वजनाची खरी गोष्ट

(सदर : ओसरीवरून)



या सदरातून आजवर आम्ही तुम्हाला ड्राइव्हवेवरचा बर्फ कसा उपसावा इथपासून मुलांच्या कॉलेजच्या अर्जांपर्यंत पुष्कळ सल्ले दिले. त्यांतला एक सल्ला आज दुरुस्त करायचा आहे. तो खोटा नव्हता, पण अर्धा होता. आणि अर्ध्या सल्ल्याने काय होतं, ते आम्ही गेल्या हिवाळ्यात डोळ्यांनी पाहिलं.

२०२३ च्या वसंत अंकात आम्ही चालण्याच्या फायद्यांवर लिहिलं होतं. तोवर आमचं वजन सत्तर पौंडांनी उतरलेलं मंडळातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. "काय जादू केलीत?" असं जो तो विचारी. आमचं उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, रोज तीन मैल चालतो आणि रात्रीचा भात सोडला." दोन्ही गोष्टी खऱ्या. फक्त २०२२ च्या जूनमध्ये एका सर्जननी आमच्या पोटावर पाच छोटी भोकं पाडून जठराचा अंड्याएवढा वरचा भाग वेगळा केला आणि तो थेट लहान आतड्याला जोडला, एवढं सांगायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, ठरवूनच राहिलं! मंडळात आम्ही 'हर्नियाचं ऑपरेशन' असं सांगितलं होतं.

तर आज सगळं पहिल्यापासून सांगतो.

१९८९ साली आम्ही न्यू जर्सीत उतरलो तेव्हा सामान दोन बॅगा आणि वजन १३८ पौंड. उंची पाच फूट सात इंच. २०२१ संपता संपता उंची तेवढीच आणि वजन २४८. मधली बत्तीस वर्षं तुम्हाला सांगायला नकोत, तुम्ही आमच्याबरोबरच जेवत होता. शनिवारी कोणाकडे पॉटलक, रविवारी कोणाकडे सत्यनारायण, मंडळाच्या मीटिंगला सामोसे आणि नाटकाच्या तालमीला वडापाव. घरी बनियनवर बसून फ्रिजमधलं उरलंसुरलं 'संपवून टाकणं' हे तर आमचं राष्ट्रीय कर्तव्य. पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह आला, पन्नाशीनंतर इन्सुलिन. झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकावर मशीन लावून झोपू लागलो. त्याआधीच आमच्या घोरण्याला कंटाळून सौ. गेस्टरूममध्ये राहायला गेली होती.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. तीनदा पंचवीस-पंचवीस पौंड उतरवले आणि तीनदा व्याजासकट परत घेतले. याला आम्ही आमचा आळशीपणा समजत होतो. नंतर कळलं की वजन उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. ते भूक वाढवतं, खर्च कमी करतं आणि गेलेलं वजन परत मागतं. मनाचा निग्रह कमी पडतो हे अर्धसत्य. समोरचा पैलवानही दांडगा असतो.

आमच्या फॅमिली डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा आम्हाला रागच आला. टी.व्ही.वर दाखवतात तसे पलंगावरून उठता न येणारे लोक हे असलं करतात. आम्ही तर अजून गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळत होतो. त्यांनी शांतपणे कागदावर आकडा मांडला. आमचा बी.एम.आय. भरला ३८.८. १९९१ पासून इथे ढोबळ नियम असा होता, की ४० च्या वर असेल तर, किंवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखा आजार जोडीला असेल तर ऑपरेशनचा विचार करावा. म्हणजे आम्ही नियमात बसत होतो, तेही ऐसपैस!

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणत असतील, 'आम्ही काही एवढे लठ्ठ नाही.' आमची पुण्याची धाकटी बहीण फुंकर मारली तर उडेल अशी आहे, आणि मधुमेह तिलाही आहे. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या कोड्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच जोडीने फोटो छापला. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा आपल्या लोकांची चरबी लपवतो, ती अशी. म्हणूनच २०२२ च्या ऑक्टोबरात या विषयातल्या सर्जनांच्या संघटनांनी नियम बदलले. आता सर्वांसाठी ३५, मधुमेह असेल तर ३० पासून विचार, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासून. इन्शुरन्स कंपन्या अर्थातच आपापल्या सोयीने चालतात. तुमची पॉलिसी काय म्हणते ते आधी विचारा.

ऑपरेशन दोन तासांचं, पण तयारी सहा महिन्यांची. आमच्या इन्शुरन्सची अटच तशी होती. दर महिन्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे हजेरी आणि वजन. शिवाय हृदयाची तपासणी, झोपेची तपासणी, घशातून दुर्बीण घालून जठराची तपासणी, रक्ताच्या डझनभर बाटल्या. एक महिना चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून! त्या वेळी आम्ही पुष्कळ चरफडलो. आज वाटतं, ते सहा महिने मिळाले नसते तर आम्ही नापास झालो असतो. त्या काळात आम्ही तीन गोष्टी शिकलो. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवल्यावरही अर्धा तास नाही. आणि ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, भात-पोळी शेवटी. लहानपणापासूनची सवय नेमकी उलटी. तोंडात घास आणि हातात पाण्याचं भांडं!

सगळ्यात अवघड परीक्षा मानसशास्त्रज्ञाची. आम्हाला वाटलं, आपण वेडे नाही ना एवढंच बघणार. त्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कमी खायला लागलात तर घरात कोणाला वाईट वाटेल?" आम्ही हसलो. शेजारी बसलेली सौ. हसली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "अहो, मला वाईट वाटेल. मी तुमच्यावर रागावले तरी तुमच्या आवडीचंच करते. आता करू काय?" तेहतीस वर्षांच्या संसारात हे आम्हाला कधी सुचलं नव्हतं. आमच्याकडे प्रेम शब्दांनी कोणी करत नाही, ते पानात वाढतात. पान लहान झालं की प्रेम कुठे ठेवायचं हा प्रश्न खरा होता.

ऑपरेशन दोन प्रकारचं जास्त चालतं. एकात जठराचा पाऊण भाग काढून टाकून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. दुसरं आमच्यासारखं बायपास. आम्हाला मधुमेह आणि छातीत जळजळ दोन्ही असल्याने सर्जननी बायपास सुचवलं. धोके त्यांनी लपवले नाहीत. जोडलेल्या जागी गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ. जिवाचा धोका मात्र हल्ली पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपासच असतो, असं म्हणाले. तरी आम्ही इच्छापत्र काढून पुन्हा एकदा वाचून ठेवलं, हे कबूल करतो.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसते प्रोटीन शेक, गाळलेलं सूप आणि काकडी. हे वजनासाठी नव्हे, लिव्हरसाठी. चरबीने फुगलेलं लिव्हर जठरावर पसरून बसतं. ते आकसलं नाही तर सर्जनला पुढे वाटच मिळत नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला आणि आमच्या डोळ्यांत पाणी आलं. विनोद नाही, खरंच आलं.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच नर्सने उठवून कॉरिडॉरमध्ये चालवलं. पायात गाठ होऊ नये म्हणून चालायचं, छाती भरू नये म्हणून प्लास्टिकच्या नळीत श्वास ओढायचा. पोटापेक्षा खांदा दुखत होता. पोट फुगवायला जो गॅस भरतात त्याची ती करामत. दोन रात्रींनी घरी आलो. येताना कागदावर लिहून दिलं होतं : ताप आला, छाती सारखी धडधडू लागली, श्वास लागला, पिंढरी सुजली किंवा पोट जास्त दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. सौ.ने तो कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवला.

पहिला आठवडा पश्चात्तापाचा. औषधाच्या एवढ्याशा कपातून एक-एक घोट, दिवसभर, न थांबता. पाणी पिणं हीच नोकरी. पण याच आठवड्यात एक अजब घडलं. साखर झरझर खाली आली आणि डॉक्टरांनी पाचव्या दिवशी फोनवर इन्सुलिन बंद करायला सांगितलं. वजन अजून जेमतेम दहा पौंड उतरलेलं! बायपासनंतर आतड्यातली संप्रेरकं बदलतात, त्यामुळे वजनाच्या आधीच साखर सुधारू शकते. म्हणून मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी या दिवसांत दिवसातून अनेकदा साखर तपासावी आणि मात्रा डॉक्टरांना विचारून लगेच बदलावी. जुनीच मात्रा चालू ठेवली तर साखर धोकादायक खाली जाते. सगळ्यांचाच मधुमेह जातो असं नाही, आणि गेलेला परतही येऊ शकतो. आमचा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ९.१ वरून ६ वर आला आणि अजून तिथेच आहे.

हॉस्पिटलने दिलेल्या आहाराच्या तक्त्यात सगळं इथलं खाणं. सौ.ने आहारतज्ज्ञ बाईंना विचारून त्याचं मराठीकरण केलं. पहिल्या पायरीला वरणाचं वरचं पाणी आणि गाळलेलं टोमॅटोचं सार. मग ताक. मग मिक्सरमधून काढलेलं मुगाचं घट्ट वरण आणि बिनसाखरेचा चक्का. मग मऊ अंडं, पनीर, वाफवलेला मासा. सहा-आठ आठवड्यांनी साधं जेवण, तेही बशीभर. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, आणि आपलं पातळ वरण त्या हिशेबात फार पुढे जात नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. शाकाहारी मंडळींनी आधीच गणित मांडून ठेवावं. भात आणि मऊ ब्रेड घशाखाली चिकटून बसतात. पहिली पोळी आम्ही पाचव्या महिन्यात खाल्ली, चतकोर.

२०२२ च्या गणपतीला ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाची पंगत. एका वहिनींनी, नाव कशाला, "एवढे वाळलात, एक तरी घ्या, प्रसादाला नाही म्हणू नये," म्हणत उकडीचा मोदक तूप घालून पुढे केला. ऑपरेशन लपवलेलं, मग 'नको' कुठल्या तोंडाने म्हणणार? खाल्ला. पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात पीळ. गोड पदार्थ जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं आणि शरीराचा गोंधळ उडतो. आरतीच्या वेळी आम्ही शाळेच्या बाथरूमच्या फरशीवर बसलो होतो. बाहेरून कोणी दार वाजवलं तेव्हा ओरडून सांगितलं, "काही नाही, ॲसिडिटी!" वहिनींची काडीची चूक नव्हती. आजारी केलं ते मोदकाने, पण खोटेपणा आमचा.

पुढचं भराभर सांगतो. चौथ्या महिन्यात केस गळाले, आठव्या महिन्यात परत आले. दीड वर्षात वजन १६८ पर्यंत उतरलं, आता १७४ वर स्थिरावलं आहे. श्वासाचं मशीन परत केलं आणि सौ. आमच्या खोलीत परत आली. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. जन्मभर रोज व्हिटॅमिनं, बी-१२, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एका वेळी चालत नाहीत, मध्ये दोन तास हवेत. दर वर्षी रक्ततपासणी. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी बायपासवाल्यांना वर्ज्य, तिने जोडाला अल्सर होतो. भारतात घरोघरी डब्यात असणाऱ्या कॉम्बिफ्लाममध्येही तेच असतं, हे मामी-मावशींच्या घरी लक्षात ठेवा. वाइनचा अर्धा ग्लास पूर्वीच्या दोन ग्लासांसारखा चढतो, म्हणून पार्टीनंतर गाडी सौ. चालवते. आणि पोटाची भूक कमी झाली तरी डोक्याची तशीच राहते. रात्री साडेनऊला आमचे पाय अजून फ्रिजकडे वळतात. आता आम्ही ते बाहेर रस्त्याकडे वळवतो. म्हणजे चालणं खरंच उपयोगी आहे, पण त्याची जागा ही.

ताट लहान झालं तेव्हा सौ. पहिले काही महिने हरवल्यासारखी झाली. कुकर काढायची आणि परत ठेवायची. शेवटी आम्ही दोघं संध्याकाळी बरोबर चालायला लागलो, आणि तेहतीस वर्षांत जेवणाच्या टेबलावर न झालेल्या गप्पा रस्त्यावर झाल्या. प्रेम कुठे ठेवायचं याचं थोडं उत्तर तिथे मिळालं. पुरतं नाही.

आता अर्ध्या सल्ल्याचं काय झालं ते. आमचे एक जुने स्नेही आहेत, एकाच वर्षी इथे आलो. वजन आमच्या जुन्या वजनाच्या आसपास, मधुमेह आमच्याहून जुना. २०२३ चा आमचा तो लेख त्यांनी कापून फ्रिजवर लावला. वर्षभर चालले. भात सोडला. अकरा पौंड उतरले आणि चौदा चढले. मग चालणं सुटलं, डॉक्टरांकडे जाणं सुटलं, आमचे फोन घेणंही कमी झालं. गेल्या हिवाळ्यात पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष झालं आणि एक बोट काढावं लागलं. हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा आमचा हात धरून म्हणाले, "तुझ्यासारखी जिद्द माझ्यात नाही रे. दोष माझाच."

तिथे आम्ही सगळं सांगितलं. ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग तो कागद मी वर्षभर फ्रिजवर कशाला लावला होता?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ऑपरेशनने त्यांचं बोट वाचलं असतंच असं कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण असा एक रस्ता आहे आणि आपला मित्र त्या रस्त्याने जाऊन आला आहे, हे त्यांना दीड वर्ष आधी कळलं असतं. स्वतःला नालायक समजून त्यांनी डॉक्टर सोडले नसते. आम्ही लाज वाचवली ती आमची. किंमत त्यांनी मोजली. हा लेख त्यांच्याच सांगण्यावरून लिहिला आहे. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवला. आता जखम भरली आहे. दर महिन्याला आम्ही त्यांना आहारतज्ज्ञांकडे घेऊन जातो. ऑपरेशन करायचं की हल्लीची इंजेक्शनं घ्यायची, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. ही औषधं (वजनासाठी २०२१ साली मंजूर झालेलं वेगोव्ही, २०२३ मधलं झेपबाऊंड) अनेकांना चांगली लागू पडतात, मात्र बंद केल्यावर वजन बहुधा परत येऊ लागतं. ती चालू असतील तर कोणत्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

ऑपरेशन करा असा आमचा आग्रह मुळीच नाही. आग्रह या शब्दाशीच आम्ही आता जरा जपून असतो. मंडळाला मात्र दोन विनंत्या. येत्या कार्यक्रमांत जेवणाच्या टेबलावर मोठ्या ताटांशेजारी लहान बशांचीही चळत ठेवा. आणि कोणी 'नको' म्हणालं तर एकदाच विचारा, कारण विचारू नका. त्या 'नको'मागे काय आहे ते सांगायची हिंमत काही जणांना यायला वेळ लागतो; आम्हाला तीन वर्षं लागली.

ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी खुशाल फोन करावा, रात्री साडेनऊनंतर. तेव्हा आम्ही रस्त्यावर असतो आणि हात रिकामे असतात. 'काय जादू केलीत?' असं विचारलंत, तर या वेळी उत्तर पूर्ण मिळेल.

असो. पुढच्या अंकात भेटूच.